माणा खिंडीतून मागे वळलेले पाऊल



येत्या १९ मार्चला आपण संत जोसेफचा सण साजरा करणार आहोत. याच तारखेला, १६३४ साली, गोव्यात एका येशूसंघीय धर्मगुरूंचे निधन झाले. त्यांचे नाव फादर अंतोनियो द आंद्राद. आंद्राद हे आडनाव वसई-गोव्याकडच्या आपल्या मंडळींना नवे नाही. परंतु या फादरांची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. हिमालय ओलांडून तिबेटात पोहोचलेले पहिले ज्ञात युरोपियन म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. १६२४ साली त्यांनी केलेल्या त्या प्रवासाला २०२४ साली ४०० वर्षे पूर्ण झाली.

प्रायश्चित्तकाळ हा वाटचालीचा काळ. आपण राखबुधवारी मोठ्या उमेदीने निश्चय करतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेचसे मोडून बसतो. मग वाटते, आता काय उपयोग? असे ज्याला वाटते त्याच्यासाठी फादर आंद्राद यांची कथा विशेष आहे. म्हणून या रविवारी आम्ही ती आपल्यापुढे ठेवत आहोत.

पोर्तुगाल ते आग्रा

अंतोनियो यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलैरोश या गावी झाला. १५९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १६०० साली ते जहाजाने गोव्यास आले. त्या काळी पोर्तुगालहून निघालेले जहाज गोव्यास पोहोचायला सहा महिने किंवा त्याहूनही अधिक लागत. वाटेत रोगराईने किती माणसे दगावतील याचा भरवसा नसे. वीस वर्षांचा हा तरुण त्या प्रवासातून सुखरूप उतरला आणि पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. गोव्यातच त्यांचे पुढील शिक्षण झाले, गोव्यातच ते काम करू लागले.

तो काळ आपल्याही किनाऱ्याच्या इतिहासातला महत्त्वाचा काळ होता. वसई, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हा सारा पट्टा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आपल्या सरावलीपासून जवळच असलेला तारापूरचा किल्ला त्याच काळाची आठवण देतो. गोव्याहून दमण-सुरतेकडे जाणारी गलबते आपल्याच किनाऱ्यासमोरून जात. वसईत येशूसंघीयांचे कॉलेज होते आणि तेथेच शिकलेल्या आपल्या संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे रक्तसाक्ष दिली होती. म्हणजे सुवार्तेसाठी दूर देशी जाणे ही गोष्ट आपल्या या किनाऱ्याला अनोळखी नव्हती.

इकडे मोगल दरबारात १५८० सालापासून येशूसंघीय फादरांचे येणेजाणे होते. अकबर बादशहाने त्यांना बोलावून घेतले होते. पुढे जहांगीरच्या काळात आग्रा येथे त्यांचे कायमचे ठाणे झाले. १६२१ साली या मोगल मिशनचे प्रमुखपद फादर आंद्राद यांच्याकडे आले.

आग्र्यात आणि लाहोरात येणारे व्यापारी एक बातमी पुन्हा पुन्हा सांगत. हिमालयापलीकडे असे लोक आहेत की ज्यांच्याकडे मंदिरे आहेत, पुरोहित आहेत, दिवे आहेत, सामुदायिक प्रार्थना आहेत. हे ऐकून फादरांना वाटे, ते विसरले गेलेले ख्रिस्ती तर नसतील? याच शोधात ब्रदर बेंतो द गोईश हे १६०२ साली निघाले होते. काबूल आणि पामीरच्या मार्गाने ते चीनच्या सीमेपर्यंत पोहोचले आणि १६०७ साली तेथेच वारले. तरीही हिमालयापलीकडे काय आहे हा प्रश्न शिल्लकच होता.

दिल्लीत घेतलेला निर्णय

३० मार्च १६२४ रोजी फादर आंद्राद आणि ब्रदर मानुएल मार्कीश आग्र्याहून निघाले. बादशहाचा लवाजमा उत्तरेकडे चालला होता, त्याच्याबरोबर ते होते. दिल्लीत त्यांना कळले की यात्रेकरूंचा एक मोठा जथा बद्रीनाथला निघाला आहे. अशी सोबत पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे! विचार करायला फारसा वेळ नव्हता. त्यांनी तेथल्या तेथे निर्णय घेतला आणि त्या जथ्यात सामील झाले. बरोबर दोन ख्रिस्ती तरुण सेवक होते. अंगरखा आणि पागोटे घालून त्यांनी आपला वेश बदलला. फादर तेव्हा ४४ वर्षांचे होते.

हरद्वारपासून डोंगर सुरू झाला. पायवाट अशी की काही ठिकाणी एका वेळी एकाच पावलाला जागा. खाली शेकडो हात खोल नदीचा खळाळ. काही ठिकाणी दोरांचे झुलते पूल, तर वर गेल्यावर नदीवर साचून गोठलेल्या बर्फाचेच पूल. वर माणसे चालत आहेत आणि खालून पाणी गर्जत आहे! यात्रेकरू बद्रीनाथाचा जयघोष करीत चालत. त्यांत म्हातारी माणसेही होती. त्यांची श्रद्धा आणि सोशिकता पाहून फादरांना स्वतःच्या थकव्याची लाज वाटली, असे त्यांच्या पत्रावरून दिसते. आज आपल्या गावातले शेजारी चारधाम यात्रेला मोटारीने जाऊन येतात आणि आपल्यालाही प्रसाद आणून देतात. त्याच वाटेने, त्याच श्रद्धाळू लोकांच्या सोबतीने, आपले हे फादर गेले होते.

गढवालच्या श्रीनगरात राजाच्या माणसांनी त्यांना अडवले. हे व्यापारी दिसत नाहीत, यात्रेकरूही वाटत नाहीत, मग आहेत तरी कोण? सामान तपासले तर काळे झगे निघाले. फादरांनी उत्तर दिले की आपण पोर्तुगीज आहोत, तिबेटात आपला एक भाऊ आहे, त्याला भेटायला चाललो आहोत. तो हयात नसेल तर शोकासाठी हे काळे कपडे आहेत. वेश पालटणे आणि असे उत्तर देणे आज आपल्याला थोडे खटकेल. पण ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशा माणसांनाच ते भाऊ म्हणत होते, हेही तितकेच खरे. काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. जोशीमठ ओलांडून ते बद्रीनाथला आणि तेथून जवळच असलेल्या माणा या गावी पोहोचले.

खिंडीतले दिवस

माणा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर आहे. येथले लोक पिढ्यानपिढ्या तिबेटशी मीठ आणि लोकर यांचा व्यापार करीत. बर्फ वितळले की उन्हाळ्याच्या शेवटी खिंड उघडे आणि थोड्या आठवड्यांत पुन्हा बंद होई. ही माणा खिंड सुमारे ५,६०० मीटर, म्हणजे १८ हजार फुटांहून उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. त्याच्या तिपटीहून ही खिंड उंच! पालघरचा काळदुर्ग चढताना आपल्याला धाप लागते. मग तेथे काय होत असेल याची कल्पना करावी.

खिंड उघडण्याची वाट पाहावी, तर श्रीनगरच्या राजाची माणसे परत फिरवण्यासाठी येतील ही भीती. शेवटी फादरांनी ब्रदर मार्कीश यांना माणा येथे ठेवले आणि ते दोन तरुण व गावातला एक वाटाड्या यांच्यासह ते पुढे निघाले. दोन दिवसांतच मागून माणसे आली. वाटाड्या परतला नाही तर त्याच्या बायकामुलांचे बरे होणार नाही, असा निरोप त्यांनी आणला होता. बिचारा वाटाड्या रडकुंडीला आला आणि परतला. त्याला आपण दोष देऊ शकत नाही. फादरांनीही दिला नाही. ते आणि ते दोन तरुण मात्र वाटाड्याविना चालत राहिले.

पुढचे दिवस भयंकर होते. बर्फात कधी गुडघ्यापर्यंत, कधी छातीपर्यंत रुतावे लागे. काही ठिकाणी तर पोहल्यासारखे आडवे होऊन सरकावे लागे. सरपण नाही, म्हणून विस्तव नाही. भाजलेल्या सातूचे पीठ बर्फाच्या पाण्यात कालवून पोटात ढकलायचे. रात्री बर्फावरच एक घोंगडे अंथरायचे आणि दुसरे तिघांनी मिळून पांघरायचे. बर्फ एवढे पडे की गाडले जाऊ नये म्हणून रात्रीतून अनेकदा उठून ते झटकावे लागे. हातापायांची जाणीव गेली. फादरांच्या बोटाचा तुकडा तुटून पडला तो त्यांना कळलाही नाही; रक्त दिसले तेव्हा समजले. पाय इतके बधिर झाले की पुढे तापलेले लोखंड लागले तरी चटका बसेना.

त्या उंचीवर धडधाकट माणूसही एकाएकी आजारी पडून थोड्या वेळात मरतो, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. जमिनीतून विषारी वाफा निघतात असे ते समजत. फादरांना ते पटले नाही. थंडीमुळे आणि अन्नाच्या अभावामुळे हे होते असे त्यांना वाटले. खरे कारण आज आपल्याला माहीत आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो आणि तितकाच कमी प्राणवायू प्रत्येक श्वासात मिळतो. आज गिर्यारोहक हळूहळू, मुक्काम करीत चढतात ते यामुळेच. या तिघांना हे काहीच ठाऊक नव्हते.

अखेर ते माथ्यावर पोहोचले. समोर तिबेट पसरलेले होते! पण त्यात ना झाड, ना वाट, ना खूण. सगळे पांढरेशुभ्र. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे आधीच गेल्यासारखे झाले होते. पुढे पंचवीस दिवसांहून अधिक काळ त्यांना प्रार्थनाग्रंथातले एक अक्षरही ओळखता आले नाही. धर्मगुरूला आपली रोजची प्रार्थना वाचता येऊ नये, याचे दुःख काय असते ते आपले फादरच सांगू शकतील.

अशा वेळी काय करावे? ज्या देशासाठी हाडे गोठवली तो डोळ्यांसमोर आहे. आणखी थोडे चालले तर कदाचित पोहोचूही. पण बरोबरचे दोन तरुण आता संपत आले होते. आम्हांला वाटते, या प्रवासातली सर्वांत अवघड चढण ती हीच. नबो डोंगरावरून मोशेने वचनदत्त देश पाहिला, पण त्याला आत जाता आले नाही. तसेच फादर आंद्राद यांनी तिबेट पाहिले आणि ते मागे वळले.

उतरताना त्यांना मदतीला आलेली माणसे भेटली आणि पुढे ब्रदर मार्कीश यांच्याशी गाठ पडली. तिघेही जिवंत राहिले. ते मागे वळले नसते तर तीन माणसे त्या बर्फात कायमची गाडली गेली असती आणि त्यांचे काय झाले हे जगाला कधी कळलेही नसते.

दुसऱ्यांदा चढण

सुमारे महिनाभर त्यांनी बर्फ वितळण्याची वाट पाहिली. जे आधी धीर धरून करता आले नव्हते ते आता त्यांनी केले. वाट मोकळी झाल्यावर फादर आणि ब्रदर मार्कीश पुन्हा तीच खिंड चढले आणि ऑगस्ट १६२४ च्या सुरुवातीला पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापरांगला, पोहोचले.

तेथे त्यांना विसरले गेलेले ख्रिस्ती मिळाले नाहीत. ते लोक बौद्ध होते. ज्या शोधासाठी निघाले ती गोष्ट तेथे नव्हतीच! पण जे होते ते त्यांनी मोकळ्या मनाने पाहिले. लोक धार्मिक आणि मनाने चांगले आहेत, लामा प्रार्थनेत वेळ घालवतात, हे त्यांनी लिहून ठेवले. राजाने आणि राणीने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. सुमारे पंचवीस दिवसांनी खिंड बंद होण्यापूर्वी परतणे भाग होते. राजाने पुन्हा येण्याचे वचन घेऊन, आपल्या मोहरेचे पत्र देऊन त्यांना निरोप दिला. ८ नोव्हेंबर १६२४ रोजी आग्र्याहून त्यांनी या प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. १६२६ साली तो लिस्बनमध्ये छापला गेला आणि युरोपातल्या अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

फादरांनी वचन पाळले. १६२५ साली ते ब्रदर मार्कीश आणि आणखी एका फादरांसह पुन्हा त्याच खिंडीतून त्सापरांगला गेले. १६२६ सालच्या पुनरुत्थान सणाला तेथे चर्चची पायाभरणी झाली. पहिला दगड राजाने स्वतः ठेवला. चर्च आशेची माता पवित्र मारिया हिला अर्पण केले गेले. पुढच्याच वर्षी, १६२७ साली, रोममध्ये वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना धन्य घोषित करण्यात आले. एकाच काळात आपल्या किनाऱ्याचा एक सुपुत्र वेदीवर चढत होता आणि गोव्याहून गेलेले फादर जगाच्या छपरावर वेदी उभारत होते.

शेवट कसा झाला

येथे ही कथा संपली असती तर वाचायला गोड वाटली असती. पण तसे झाले नाही.

फादर आंद्राद यांना प्रांतप्रमुख म्हणून गोव्यास परत बोलावण्यात आले. इकडे गुगेचा राजा आणि लामा यांच्यात वैर वाढत गेले. राजाचा भाऊच लामांचा प्रमुख होता. परदेशी फादरांवर राजाची मर्जी होती, हेही त्या वैराचे एक कारण झाले. हे लपवण्यात अर्थ नाही. राजाच्या कृपेचा आधार घेतलेले काम राजाबरोबरच पडते. १६३० साली बंड झाले, लडाखच्या राजाने राज्य जिंकले आणि गुगेच्या राजाला कैद करून लेहला नेले. काही ख्रिस्ती लोकांनाही तिकडे नेण्यात आले. मिशन मोडकळीस आले. फादर फ्रान्सिस्को द अझेवेदो यांनी १६३१ साली लेहपर्यंत जाऊन राजाची परवानगी मिळवली, तरी पुढे चार-पाच वर्षांतच काम बंद पडले.

गोव्यात फादर आंद्राद पुन्हा तिबेटला जाण्याची तयारी करीत होते. तुटलेले बोट, अधू झालेले डोळे, वय ५४. तरीही पुन्हा एकदा ती खिंड! पण १९ मार्च १६३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर विषप्रयोग झाला होता.

आणि ब्रदर मार्कीश? माणा गावात मागे थांबलेले, नंतर प्रत्येक वेळी बरोबर गेलेले हे साधे ब्रदर १६४० साली आणखी एका फादरांसह पुन्हा तिबेटच्या वाटेला लागले. सीमेवर त्यांच्यावर हल्ला झाला. फादर निसटले, ब्रदर पकडले गेले. सोडवणुकीची विनंती करणारे त्यांचे पत्र १६४१ साली हिंदुस्थानात पोहोचले. त्यानंतर त्यांची कोणतीही बातमी आली नाही.

आपल्यासाठी काय?

आज त्सापरांगमध्ये मातीच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. ते चर्च नाही, ती माणसे नाहीत. मग हे सगळे वाया गेले काय?

आम्हांला तसे वाटत नाही. प्रभूने आपल्याकडून यश मागितलेले नाही, विश्वासूपणा मागितला आहे. आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. नोकरी गेली म्हणून मुलाचे शिक्षण मध्येच थांबवावे लागलेला बाप आहे. व्यसन सोडण्याचा निश्चय करून पुन्हा घसरलेला भाऊ आहे. कुटुंबातला समेट घडवायला जाऊन अपमान गिळून परतलेली बहीण आहे. ही सारी माणसे खिंडीतून मागे वळलेली आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की मागे वळणे म्हणजे हरणे नव्हे. फादर आंद्रादही मागे वळले होते. बर्फ वितळेपर्यंत थांबले आणि मग पुन्हा चढले.

आणखी एक गोष्ट. फादरांचे नाव इतिहासात राहिले. पण घोंगडे वाटून घेणाऱ्या त्या दोन तरुणांची नावे आपण घेत नाही. त्यांच्याविना फादर पहिल्याच रात्री गोठले असते. आपल्याही घरात, चर्चमध्ये, कामावर अशी माणसे असतात. वेदी सजवणारी, आजाऱ्याला डबा नेऊन देणारी, रात्रपाळी करून आलेली असूनही सकाळच्या मिस्साला मुलांना तयार करणारी. त्यांचे नाव फलकावर येत नाही. संत जोसेफचेही एक वाक्य शुभवर्तमानात सापडत नाही, तरी पवित्र कुटुंब त्यांच्याच खांद्यावर सुरक्षित राहिले.

या प्रायश्चित्तकाळात जो निश्चय अर्ध्यावर सुटला असेल तो या आठवड्यात पुन्हा हाती घेऊ या. ज्याच्याशी बोलणे थांबले असेल त्याच्या दारी पुन्हा एकदा जाऊ या. पहिल्या वेळी बर्फ असेल. दुसऱ्या वेळी वाट मोकळी झालेली असू शकेल. आणि जाताना एकटे जाऊ नये, कोणाला तरी बरोबर घ्यावे.

१९ मार्चच्या मिस्सात फादर आंद्राद, ब्रदर मार्कीश, ते दोन तरुण आणि रडत परतलेला तो वाटाड्या, या सर्वांचे स्मरण करू या. प्रभू त्यांना चिरशांती देवो आणि आपल्या पावलांना बळ देवो.